साध्या पेट्रोलच्या गाडीत ९५ नायतर १०० ऑक्टेन टाकून खरंच काय फरक पडतो का?

रंकाळा_रायडर
मंडळी नमस्कार, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, २०१९ चं मॉडेल, टर्बो बिर्बो काय नाही. पंपावर गेलं की पोरगं आधी विचारतंय "साहेब पॉवर मारू का साधं" आणि आपण साधं म्हटलं की असं बघतंय जसं काय गाडी उपाशी ठेवलीय. आमचे मामा (सासरे) तर ठाम आहेत, दोन-तीन महिन्यानं एक टाकी भारीतलं टाकायचंच म्हणजे इंजिन आतनं धुतलं जातंय म्हणे. एक मित्र म्हणतोय पिकअप वाढतंय आणि अॅव्हरेज दीड-दोननं वर जातंय, दुसरा म्हणतोय साध्या गाडीत जास्त ऑक्टेन घातलं तर व्हॉल्व्ह जळतात. खरं कुणाचं मानायचं? लिटरला सात-आठ रुपयांचा फरक आहे, १०० वालं तर दीडशेच्या पुढं. जाणकारांनी सांगा, आणि कृपा करून "गाडी विक आणि डिझेल घे" असलं काय सांगू नका.

गंगावेसकर
भावा सोपं हाय. पैलवानाचा खुराक तलाठ्याला चारला म्हणून तलाठी लाल मातीत उतरत नाय. थंडाई बदाम तूप सगळं पोटात जाणार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी... जाऊंदे. तुझी गाडी तलाठी हाय. साधं मार आणि गप चालव 😄

टर्बोशेठ
रायडर, मी माझ्या गाडीत कायम ९५ टाकतो, फरक जाणवतोच. इंजिन स्मूथ, आवाज कमी. ज्यानं टाकलंच नाय त्यानं बोलू नये.

उद्यमनगरकर
गंगावेसकर, हसलो, पण खुराक म्हणू नका राव, सगळ्यांची गल्लत इथंच होते. खुराकात ताकद असते, ऑक्टेनमध्ये नसते. एक लिटर साधं ९१ ऑक्टेनचं आणि एक लिटर ९५ जाळलं तर उष्णता जवळपास तेवढीच निघते.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायला किती नकार देतं त्याचं माप, बास. पिस्टन वर येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं, मग प्लग ठिणगी टाकतो आणि आग प्लगपासून कडेकडं पसरत जाते. ती कडेला पोचायच्या आत तिथलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं स्वतःच एकदम पेटलं की दाबाचा धक्का बसतो, बाहेर टिंग टिंग नायतर कटकट ऐकू येतं, त्याला आपण नॉकिंग म्हणतो. सारखं झालं तर पिस्टनच्या डोक्याला खड्डे पडतात, रिंगा तुटतात, मी दोन्ही बघितलंय. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हे आपोआप पेटणं लांबवतं.

मोजपट्टी १९२० च्या दशकात अमेरिकेत ठरली. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रव्याला १०० मार्क, एन-हेप्टेनला शून्य. ९१ म्हणजे ठराविक चाचणी-इंजिनात ते पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं नॉक सोसतं. म्हणून १०० म्हणजे शंभर टक्के शुद्ध असलं काय नाही, हा पण एक गैरसमज ऐकतो मी गिऱ्हाइकांकडनं.

आता कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबलं जातं ते) जास्त असलं, टर्बो असला, तर आतला दाब आणि तापमान जास्त, तिथं जास्त ऑक्टेन लागतं. तुमचं इंजिन कंपनीनं ९१ धरूनच बनवलंय. जो नॉक होतच नाही तो अजून जास्त थांबवून काय मिळणार? आणि व्हॉल्व्ह बिल्व्ह काय जळत नाहीत. जास्त ऑक्टेननं फक्त खिसा जळतो.

टर्बोशेठ
उद्यमनगरकर साहेब पुस्तकातलं बरोबर आहे तुमचं, पण आजकालच्या गाड्यात ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर असतो, नॉक सेन्सर असतो. चांगलं पेट्रोल मिळालं की ईसीयू ठिणगीचं टायमिंग पुढं घेतो आणि पॉवर वाढते. हे १९८५ चं इंजिन नाही.

उद्यमनगरकर
बरोबर, पण अर्धं. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकवर बोल्टनं आवळलेला एक बारका पिझो मायक्रोफोनच समजा. नॉक ऐकला की ईसीयू ठिणगी थोडी उशिरा टाकायला लावतो, नॉक थांबला की हळूहळू परत पुढं आणतो. पण किती पुढं आणायचं त्याला कंपनीनं आत लिहून ठेवलेली हद्द असते. ९१ वर जी गाडी त्या हद्दीपर्यंत आधीच पोचलीय, ती ९५ वर पण तिथंच थांबणार. ज्या इंजिनाचा नकाशा (ईसीयूतला टायमिंगचा तक्ता) मुळात ९५ धरून काढलाय आणि आपल्याकडं ते ९१ वर चालतंय, म्हणजे बऱ्याच टर्बो गाड्या, तिथं भर उन्हात फुल लोडमध्ये ९५ नं थोडं मिळतं. तुमची गाडी त्यातली असेल तर तुम्हाला जाणवत असणार, मी नाही म्हणत नाही. पण रायडरनं विचारलंय साध्या १.२ बद्दल.

अजून एक, टर्बोशेठ तुमच्यासाठी. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएमवर जोरात अॅक्सिलेटर दाबला की ठिणगीच्या आधीच पेट घेण्याचा एक वेगळा प्रकार होतो. त्याचा संबंध बराचसा इंजिन ऑइलशी असतो, भारीतलं पेट्रोल टाकून तो जात नाही. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलंय का बघून घ्या, त्या ग्रेडमध्ये याची चाचणी असते.

शाहूपुरी_टू_जर्सी
मी मूळचा शाहूपुरीचा, सध्या न्यू जर्सीत. इथं पंपावर साधं ८७ असतं आणि प्रीमियम ९१-९३. म्हणजे भारतात साधंच ९१, आपलं पेट्रोल अमेरिकेच्या प्रीमियमइतकं भारी?? मग ९५-१०० कशाला पाहिजे कुणाला?

गंगावेसकर
जर्सी दादा, इथलं पेट्रोल भारी असतं तर तुम्ही तिकडं कशाला गेला असता 😂

उद्यमनगरकर
जर्सी, मापं वेगळी आहेत. आपल्याकडं आरओएन नावाच्या चाचणीचा आकडा छापतात. तुमच्याकडं आरओएन आणि एमओएन या दोन चाचण्यांची सरासरी छापतात. एमओएनची चाचणी जास्त कडक, जास्त आरपीएम आणि गरम मिश्रण, त्यामुळं आकडा कमी येतो. तुमचं ८७ म्हणजे आमचं साधारण ९१. तेच पेट्रोल, नुसती पाटी वेगळी. यूट्यूबवर अमेरिकन माणसाचा व्हिडिओ बघून "माझी गाडी ८७ ची आहे म्हणजे ९१ तिला जास्तच" म्हणणारे इथं पण आहेत, म्हणून लिहिलं.

शाहूपुरी_टू_जर्सी
अच्छा, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग एक भर मी घालतो. इथल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये यावरच चाचणी केली होती, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या गाड्यात प्रीमियम टाकून. पॉवर, अॅव्हरेज, धूर, कशातच म्हणावा असा फायदा नाही. आणि वर्षभरात अमेरिकन लोकांनी असे २.१ अब्ज डॉलर उगाच घालवले असा त्यांचा अंदाज होता. पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना कंपनीच प्रीमियमची शिफारस करते, सक्ती नाही, फक्त शिफारस, त्या घेतल्या. तिथं सरासरी २.७ टक्के अॅव्हरेज आणि १.४ टक्के पॉवर वाढली. म्हणजे जिथं लागू पडतं तिथं पण एवढंच.

टर्बोशेठ
२.७ टक्के म्हणजे वाढलं की नाही? मी तेच म्हणतोय.

हिशेबनीस
टर्बोशेठ, वाढलं, पण परवडलं का ते बघा. साधं १०५ धरा आणि भारीतलं ११३. म्हणजे ७.६ टक्के महाग. गाडी १८ देत असेल तर पैसे नुसते वसूल व्हायला १९.४ द्यायला पाहिजे. महिन्याला ६० लिटर जाळणाऱ्याचे ४८० रुपये जास्त, वर्षाला पावणेसहा हजार. त्यात एक चांगली सर्व्हिसिंग होते.

आणि हे जे "माझं अॅव्हरेज दीडनं वाढलं" म्हणतात ना, ते मोजतात कसं तेही विचारा. टाकी फुल ते फुल. पंपाचं नोझल एकदा लवकर कट झालं, एकदा पोराने अजून दोनदा दाबून काठोकाठ भरलं, अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. ३० लिटरात अर्धा लिटर म्हणजे पावणेदोन टक्के चूक इथंच. वर पुणे हायवेला सहा पदरीचं काम चालू, कधी कोण डायव्हर्जनला अर्धा तास अडकतंय तर कधी सरळ निघतंय. टायरची हवा, एसी, मागच्या सीटवरचे पाहुणे. दोन टक्क्याचा फरक असल्या मापात दिसतच नाही, दिसला तरी कशामुळं ते कळत नाही.

टर्बोशेठ
हिशेबनीस तुम्ही लग्नात पण आहेराची पाकिटं तिथंच उघडून मोजत असणार 😄

कागलचे_आप्पा
पोरांनो, तुम्ही सगळे गणितात. आमच्या वेळी पंपावर ८७ आणि ९३ अशी दोन पेट्रोलं मिळायची, शिसं घातलेली. ते शिसं नॉक थांबवायलाच घालत होते, २००० साली देशभर बंद झालं. माझी जुनी ८००, कार्ब्युरेटरवाली, पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्यात असली की अशी वाजायची जशी डब्यात कुणी खिळे हलवतंय. मेस्त्री बॉनेट उघडायचा, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून तो हातानं केसभर फिरवायचा, परत आवळायचा, आणि म्हणायचा "आप्पा, आता वाजणार नाही पण ओढ जरा कमी वाटेल". तसंच व्हायचं. एकदा चढावर त्यालाच शेजारी बसवून नेलं होतं, त्यानं काच खाली केली, कठड्याच्या भिंतीवरनं आवाज परत येतो तो ऐकत बसला, आणि वर पोचेपर्यंत एक अक्षर बोलला नाही.

मला विचारायचं असं की माझी आताची गाडी पण पन्हाळ्याला चढताना बारीक वाजते. १.२ च आहे, लाखभर किलोमीटर झालंय. तिला ९५ घालू का?

उद्यमनगरकर
आप्पा नमस्कार. तुमच्या मेस्त्रीनं हातानं केलं तेच आता सेन्सर करतो, ओढ कमी होते ती पण त्यामुळंच.

तुमच्या केसमध्ये ९५ नं आवाज कमी होईल कदाचित. पण आधी कारण शोधा. लाखभर किलोमीटरनंतर पिस्टनच्या डोक्यावर आणि चेंबरमध्ये कार्बन बसतो. त्यानं जागा कमी होते म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं, आणि कार्बन तापून राहतो. म्हणजे नव्यात ९१ वर गप चालणारं इंजिन जुनं झाल्यावर जास्त ऑक्टेन मागतं. प्लग काढून बघा. टोक कॉफीच्या रंगाचं, कोरडं असेल तर ठीक. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं दिसलं तर इंजिन जास्त तापतंय किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा बसवलाय. काळं ओलं तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, आणि चेंबरमध्ये आलेलं ऑइल स्वतःच नॉक वाढवतं. कूलंट, थर्मोस्टॅट बघा. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असेल आणि चोक झाला असेल तर ते पण बघा, आणि नॉक सेन्सरचा कनेक्टर उंदरानं खाल्लाय का ते पण. हसू नका, पावसाळ्यात महिन्याला एकतरी गाडी येते तशी.

आणि एक बिनपैशाचा उपाय. वाघबिळाच्या पुढं चढ लागला की तिसऱ्यात दाबून ओढू नका, दुसरा टाका. कमी आरपीएम आणि फुल अॅक्सिलेटर, यात मिश्रणाला तापून पेटायला भरपूर वेळ मिळतो. आरपीएम वाढवलं की तो वेळच मिळत नाही.

कागलचे_आप्पा
दुसऱ्यात घातली की बायको म्हणते गाडी ओरडायलीय. बघतो प्लग काढून.

रंकाळा_रायडर
लई भारी माहिती मिळायलीय. मग मामांचं "इंजिन धुतलं जातं" हे खोटंच का? ते उद्या जेवायला येणारायत 😅

उद्यमनगरकर
अगदी खोटं नाही, पण श्रेय चुकीच्या माणसाला जातंय. ब्रँडेड पेट्रोलमध्ये साफ करणारी रसायनं, डिटर्जंट, जास्त घालतात. ती इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्ह साफ ठेवायला मदत करतात. ऑक्टेनचा त्याच्याशी काही संबंध नाही, ९१ मध्ये पण डिटर्जंट घालता येतो आणि १०० मध्ये नसू शकतो. आणि इंजेक्शन थेट सिलिंडरात असेल तर पेट्रोल व्हॉल्व्हवरनं जातच नाही, मग तिथं काय धुणार. मामांना जेवताना काय बोलू नका, जेवण झाल्यावर सांगा.

ऊसवाला_करवीर
सगळे शहाणे बोलून झाले असतील तर मी बोलतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय, त्यात आमच्या उसाचं पण आहे. त्याचं ऑक्टेन १०८ च्या वर आहे. म्हणजे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन आम्ही वाढवतोय आणि शहरातले लोक आम्हालाच शिव्या घालतात.

टर्बोशेठ
झालं, आला इथेनॉल. आता धागा २०० प्रतिसादाला जाणार.

हिशेबनीस
नाही थांबा, ऊसवाल्यांनी मुद्द्याचं काढलंय. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतः सांगितलंय की आधी साधं पेट्रोल ८८ होतं, मग ९१ झालं, आणि २० टक्के इथेनॉलमुळं ते ९५ पर्यंत गेलंय. आता मला सांगा, साधंच जर ९५ असेल तर पंपावरचं पोरगं तुम्हाला आठ रुपये जादा घेऊन ९५ कसलं विकतंय?

रंकाळा_रायडर
आईशप्पथ. हे डोक्यातच आलं नव्हतं.

उद्यमनगरकर
वर मी ९१-९१ लिहीत होतो ते गाडीच्या डिझाइनच्या हिशेबानं, टाकीत प्रत्यक्ष जाणारं आता त्याच्या वर आहे हे खरं. म्हणजे जादा पैसे बरेचसे डिटर्जंटचे. आणि "ऑक्टेन म्हणजे ताकद" म्हणणाऱ्यांना उत्तर पण यातच आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. पाचवा हिस्सा ते घातलं की टाकीतली ऊर्जा साडेसहा-सात टक्क्यांनी घटली. ऑक्टेन ९१ वरनं ९५ वर गेलं आणि अॅव्हरेज वाढायच्या ऐवजी घटलं! सगळे बोंबलतायत ना अॅव्हरेज कमी झालं म्हणून? मग ऑक्टेनमध्ये ताकद असती तर उलटं व्हायला पाहिजे होतं.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात पण लिहिलं होतं, ज्या चारचाकी मुळात बिनइथेनॉलसाठी डिझाइन होऊन १० टक्क्यांवर ट्यून केल्यात त्यांचं अॅव्हरेज ६-७ टक्के घटेल, १० साठी डिझाइन होऊन २० वर ट्यून केलेल्यांचं १-२ टक्के. जास्त ऑक्टेनचा फायदा उठवायचा तर इंजिन तसं बनवायला लागतं, कॉम्प्रेशन वाढवून, टायमिंग बदलून. जुन्या इंजिनात ते नुसतं पडून राहतं.

ऊसवाला_करवीर
म्हणजे दोष आमच्या इथेनॉलचा नाही, गाड्यांचा आहे. हे आधी लिहा.

टर्बोशेठ
पैसे गाडीवाल्याचे जातात, दोष कुणाचा का असेना.

शाहूपुरी_टू_जर्सी
जास्त ऑक्टेनचं पेट्रोल हळू जळतं म्हणून साध्या गाडीत पूर्ण जळत नाही, असं इथं एका मेकॅनिकनं सांगितलं होतं. ते?

उद्यमनगरकर
तसं नाही. आपोआप पेटायला नकार देणं आणि पेटल्यावर आग किती जोरात पसरते या दोन वेगळ्या गोष्टी. इथेनॉलचंच बघा, ऑक्टेन १०८ आणि ज्योत पेट्रोलपेक्षा जोरात पळते.

मंगळवारपेठी
धागा वाचला, माझा वेगळाच प्रश्न. मी १०० वालं टाकतो आरएक्स १०० मध्ये. ऑक्टेनसाठी नाही, त्यात इथेनॉल नसतं म्हणून. महाग आहे पण गाडी आठवड्यातनं एकदाच रविवारी बाहेर निघते. बरोबर करतोय का?

गंगावेसकर
आरएक्स १०० ला १०० ऑक्टेन. जोडी जमली भावा, नाद खुळा.

उद्यमनगरकर
मंगळवारपेठी, तुमचं कारण मला पटतं. त्या टू-स्ट्रोक इंजिनाला १०० ऑक्टेनची अजिबात गरज नाही, कॉम्प्रेशन फार नाही तिचं. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे ओ-रिंग, फ्लोटचा वॉशर इथेनॉलला धरून बनवलेले नाहीत, ते फुगतात नायतर कडक होऊन चिरतात. आणि उभ्या गाडीत इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, आपल्या जुलैच्या पावसात तर विचारू नका, टाकीला आतनं गंज सुटतो. कमी फिरणाऱ्या जुन्या गाडीला १०० वालं परवडतं. रोजच्या हॅचबॅकला नाही.

पण तेवढ्यावर विसंबू नका, कधी गावाला गेला आणि १०० वाला पंपच मिळाला नाही तर साधंच घालणार. पेट्रोल पाइप आणि कार्ब्युरेटर किट एकदा नवीन, इथेनॉलला चालणारं बसवून घ्या, खर्च फार नाही. आणि गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे फ्लोटच्या वाटीत काय उरत नाही.

मंगळवारपेठी
कॉक बंद करून ठेवतो, पण वाटी रिकामी करत नव्हतो. किट मिळतं का उद्यमनगरात?

उद्यमनगरकर
मिळतं. लोकल घेऊ नका, जुना जेट काढून सोबत आणा, नंबर जुळवून घेऊ.

रंकाळा_रायडर
झाकणाच्या आत बघितलं, मॅन्युअल पण काढलं डॅशबोर्डातनं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ९१ किंवा जास्त असंच लिहिलंय. साधंच टाकणार. आप्पा, तुमच्या प्लगचं काय झालं?

कागलचे_आप्पा
काढले आज. तीन कॉफीच्या रंगाचे, एक काळा आणि तेलकट. ९५ चं राहूदे बाजूला, उद्यमनगरकर, कॉम्प्रेशन बघायला कधी आणू गाडी?

उद्यमनगरकर
गुरुवारी सकाळी आणा आप्पा, इंजिन गरम असतानाच बघू. आणि येताना ऑइलचं मागचं बिल असेल तर घेऊन या, मधे किती टॉपअप केलंय ते बघायला लागेल.